खाण आणि गाव : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

गेल्या अंकात विदर्भ, कोकण आणि गोव्यातील खाणपट्ट्यांविषयी लिहिताना, खाणीच्या निर्णयात गावाचा सहभाग कसा असावा याबद्दल वाचकांनी प्रश्न पाठवावेत, असे आवाहन केले होते. आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे त्याच त्या अडचणींविषयी असल्यामुळे त्यांचा मजकूर एकत्र केला आहे आणि पत्रलेखकांची नावे वगळली आहेत. प्रत्यक्ष दावा किंवा अपील दाखल करताना मात्र जाणकार वकिलाचा सल्ला अवश्य घ्यावा.

प्रश्न : आमच्या गावापासून दोन किलोमीटरवर चुनखडीची नवी खाण होणार असून पुढच्या महिन्यात जनसुनावणी असल्याची जाहिरात आली आहे. मागच्या एका सुनावणीला आम्ही गेलो होतो, तेव्हा लोक घोषणा देत राहिले आणि दोन तासांत सगळे आटोपले. अशा सुनावणीला जाण्यात काही अर्थ आहे का? (एक शेतकरी, कोरपना तालुका, जिल्हा चंद्रपूर)

जाण्यात अर्थ आहे, मात्र तयारी जाहिरात आल्याच्या दिवसापासून व्हायला हवी. १४ सप्टेंबर २००६ च्या पर्यावरणीय आघात मूल्यांकन अधिसूचनेनुसार सुनावणीच्या किमान ३० दिवस आधी एका राष्ट्रीय आणि एका स्थानिक भाषेतील वर्तमानपत्रात जाहिरात द्यावी लागते, आणि मूल्यांकनाचा मसुदा अहवाल जिल्हाधिकारी कार्यालय, जिल्हा परिषद, जिल्हा उद्योग केंद्र अशा ठिकाणी लोकांना पाहण्यासाठी ठेवावा लागतो. संपूर्ण अहवाल बहुधा इंग्रजीत आणि शेकडो पानांचा असतो. मराठीत मिळतो तो थोडक्या पानांचा सारांश. गावातील शिकलेल्या मुलामुलींनी मूळ अहवालातील निदान पाणी, वाहतूक आणि सुरुंग ही तीन प्रकरणे समोर बसून वाचावीत आणि त्यांतील मजकूर गावाला समजावून सांगावा, असा माझा आग्रह आहे, कारण सारांशात गैरसोयीचे आकडे क्वचितच येतात.

पाण्याचे प्रकरण वाचताना खाणीभोवतीच्या १० किलोमीटरच्या परिसरातील विहिरींच्या यादीत तुमच्या गावच्या किती विहिरी धरल्या आहेत, पाण्याची पातळी कोणत्या महिन्यात मोजली आहे आणि खाणीचा तळ त्या पातळीच्या खाली जाणार आहे का, हे पाहावे. बहुतेक अहवालांत पावसाळा वगळून एकाच हंगामातील तीन महिन्यांची मोजमापे असतात. उन्हाळ्यात मोजले तर आठ महिने वाहणारा नाला कोरडा दिसतो आणि हिवाळ्यात मोजले तर एप्रिल-मे मधील टंचाई कागदावर येतच नाही. यावर उपाय गावाच्या हातात आहे. पाच-सहा विहिरी निवडून, दोराला वजन बांधून, काठापासून पाण्यापर्यंतचे अंतर दर अमावास्येला मोजावे, वहीत तारीख, विहिरीचा गट क्रमांक आणि फूट-इंच लिहावेत, आणि वर्षातून एकदा त्या वहीवर ग्रामसभेत सरपंच व सचिवांची सही घ्यावी. खाण सुरू होण्याआधीची अशी नोंद हाती असेल, तर पुढे विहीर आटल्यावर 'यंदा पाऊसच कमी झाला' एवढे सांगून कोणालाही गावाची बोळवण करता येत नाही.

वाहतुकीचा हिशेब तर साधा गुणाकार-भागाकार आहे. समजा, वर्षाला १० लाख टन माल निघणार असेल आणि वर्षातून ३०० दिवस वाहतूक होणार असेल, तर दिवसाला सुमारे ३,३०० टन होतात. २५ टनी ट्रकच्या हिशेबाने सुमारे १३० ट्रक भरून जातात आणि तेवढेच रिकामे परततात. सोळा तास वाहतूक धरली, तरी शाळेसमोरून दर साडेतीन-चार मिनिटांना एक ट्रक जाईल. हा आकडा सुनावणीत उच्चारला गेला, की वळणरस्त्याची मागणी करायला वेगळा युक्तिवाद लागत नाही. रस्त्याकडेच्या कपाशीवर बसणारी धूळ बोंडासोबत वेचली जाते आणि जिनिंगवर त्या कापसाची प्रत खाली धरली जाते. हे नुकसान अहवालात सहसा नसते, ते शेतकऱ्यानेच सांगायचे आहे.

सुनावणी प्रदूषण नियंत्रण मंडळ घेते आणि अध्यक्षस्थानी जिल्हाधिकारी किंवा अपर जिल्हाधिकाऱ्यापेक्षा कमी दर्जाचा नसलेला अधिकारी असतो. तिचे चित्रीकरण करावे लागते, तिला गणपूर्तीची अट नाही आणि तेथे मतदानही होत नाही, त्यामुळे किती लोक विरोधात ओरडले याला मंजुरीची शिफारस करणाऱ्या तज्ज्ञ समितीपुढे फारसे वजन राहत नाही. वजन असते ते इतिवृत्तात उतरलेल्या मुद्द्याला आणि त्यापुढे कंपनीने दिलेल्या उत्तराला, कारण तेथे मान्य केलेली कामे पर्यावरण व्यवस्थापन आराखड्यात यावी लागतात. म्हणून प्रत्येक मुद्दा लेखी द्यावा, सुनावणीआधीच मंडळाच्या कार्यालयात देऊन पोच घ्यावी, आणि सुनावणीच्या शेवटी इतिवृत्त मराठीत वाचून दाखवले जाईपर्यंत कोणीही उठून जाऊ नये. नियमाप्रमाणे ते त्याच दिवशी, तेथेच वाचून दाखवायचे असते. आपला मुद्दा गाळला गेला असेल, तर तो सांगण्याची हीच वेळ असते, आणि नेमक्या याच वेळी मांडव रिकामा झालेला असतो.

पर्यावरणीय मंजुरी मिळाल्यावर तिची प्रत ग्रामपंचायतीत लावली जाणे अपेक्षित आहे. तिच्याविरुद्ध राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाकडे, म्हणजे आपल्याकडे पुण्याच्या पश्चिम विभागीय पीठाकडे, ३० दिवसांत अपील करता येते; पुरेसे कारण असल्यास आणखी ६० दिवसांपर्यंत सवलत मिळू शकते, त्यानंतर दार बंद होते. खाण सुरू झाली, की दरवर्षी १ जून आणि १ डिसेंबरला कंपनीने अटींच्या पालनाचा अहवाल द्यायचा असतो. तो मागवून ग्रामसभेत एकेक अट वाचावी. माझ्या मते जनसुनावणीपेक्षाही हे वर्षातून दोनदा होणारे वाचन गावाला अधिक उपयोगी पडते, आणि ते फार थोडी गावे करतात.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगायला हवी. २०१५ पासून चुनखडीसारख्या प्रमुख खनिजांचे पट्टे लिलावाने आणि ५० वर्षांसाठी दिले जातात, आणि गावाला प्रथम विचारले जाते ते लिलाव होऊन कंपनीचे पैसे गुंतल्यानंतर. विचारण्याचा क्रमच असा उलटा असल्यामुळे सुनावणीत लोकांचा संताप बाहेर पडतो, आणि त्या संतापाचा दोष गावाला देणे मला अन्यायाचे वाटते.

प्रश्न : आमच्या भागात लोहखनिजाच्या खाणींची चर्चा आहे. पेसामुळे, म्हणजे आदिवासी भागातील ग्रामसभांना अधिकार देणाऱ्या कायद्यामुळे, ग्रामसभेने नकार दिला की खाण होऊ शकत नाही, असे काही जण सांगतात. अधिकारी म्हणतात की ग्रामसभेला तसा अधिकार नाही. खरे काय? (एक पदवीधर तरुण, कोरची तालुका, जिल्हा गडचिरोली)

दोन्ही म्हणणी अर्धी खरी आहेत, आणि या अर्धवट माहितीमुळेच पुष्कळ ग्रामसभांचे नुकसान झाले आहे. १९९६ च्या पेसा कायद्यानुसार अनुसूचित क्षेत्रात मुरूम, बांधकामाचा दगड, वाळू अशा गौण खनिजांचा पट्टा देण्यापूर्वी ग्रामसभेची किंवा योग्य स्तरावरील पंचायतीची शिफारस बंधनकारक आहे. लोहखनिज, कोळसा, बॉक्साइट ही प्रमुख खनिजे त्या तरतुदीत येत नाहीत. त्यांच्यासाठी जमीन संपादन करायची असेल, तर ग्रामसभेशी सल्लामसलत करण्याचे बंधन आहे, आणि सल्लामसलत म्हणजे संमती नव्हे. त्यामुळे लोहखनिजाच्या खाणीविरुद्ध केवळ पेसाचा आधार घेऊन केलेला ठराव वरच्या कार्यालयात टिकणे कठीण जाते.

खरा आधार २००६ च्या वनहक्क कायद्याचा आहे. तुमच्या भागातील खनिज बहुतांशी जंगलाखाली आहे, आणि वनहक्कांची पडताळणी पूर्ण होईपर्यंत कोणालाही त्याच्या ताब्यातील वनजमिनीवरून हलवता येत नाही, असे त्या कायद्याचे कलम ४(५) सांगते. ३ ऑगस्ट २००९ रोजी केंद्रीय पर्यावरण व वन मंत्रालयाने परिपत्रक काढून, वनजमीन खाणीसारख्या दुसऱ्या वापरासाठी वळती करण्यापूर्वी वनहक्कांची प्रक्रिया पूर्ण झाल्याची आणि संबंधित ग्रामसभांनी आपली भूमिका ठरावाने कळवल्याची पत्रे जोडावीत, असे राज्यांना सांगितले. ओडिशातील नियमगिरीच्या बॉक्साइट प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १८ एप्रिल २०१३ रोजी हाच प्रश्न ग्रामसभांपुढे ठेवण्याचा आदेश दिला. रायगडा आणि कालाहांडी जिल्ह्यांतील १२ ग्रामसभा जुलै-ऑगस्टमध्ये भरल्या, डोंगरिया कोंध आणि त्यांच्या शेजारच्या समाजांनी बाराही ठिकाणी नकार दिला, आणि जानेवारी २०१४ मध्ये मंत्रालयाने प्रस्ताव फेटाळला. त्या सभांत लोक नियमराजा या आपल्या देवाच्या डोंगराविषयी बोलले, तसेच डोंगरातून उतरणाऱ्या झऱ्यांविषयी आणि त्यांवरच्या शेतीविषयीही बोलले, आणि ते सारे ठरावात लिहिले गेले.

त्यानंतर २०२२ च्या वनसंवर्धन नियमांनी वनहक्कांच्या पूर्ततेची जबाबदारी केंद्राच्या मंजुरीच्या टप्प्यावरून काढून राज्य शासनाकडे दिली. याचा व्यवहारातला अर्थ असा, की दिल्लीतील निर्णय ग्रामसभेचा आवाज ऐकण्याआधीही होऊ शकतो. या बदलावर वनहक्कांचे काम करणाऱ्यांनी तीव्र आक्षेप घेतले आहेत आणि ते मला रास्त वाटतात. परंतु कायद्यातील ग्रामसभेचा अधिकार त्या नियमांनी पुसला गेलेला नाही. खाणीचा प्रस्ताव दाराशी येण्याची वाट न पाहता सामूहिक वनहक्काचा दावा आधी पूर्ण करून अभिलेख (हक्कपत्र) हाती घेणे, हे म्हणूनच आज सर्वांत निकडीचे काम आहे. तुमच्याच जिल्ह्यातील धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखाने २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावरचा सामूहिक हक्क मिळवला. मेंढा-लेखाच्या मागे वर्षानुवर्षांची अभ्यासगटाची आणि सर्वसहमतीने निर्णय घेण्याची शिस्त होती, म्हणूनच बांबू विकण्याचा अधिकारही २०११ मध्ये त्या गावाने प्रत्यक्षात आणून दाखवला.

ग्रामसभा कशी भरते, याकडेही लक्ष द्यावे. वनहक्काच्या ग्रामसभेला किमान निम्मे सभासद हजर हवेत आणि हजर असलेल्यांपैकी एक-तृतीयांश महिला हव्यात. चर्चा माडिया किंवा गोंडीत व्हावी आणि ठराव मराठीत लिहून पुन्हा माडिया-गोंडीत वाचून दाखवावा. बाहेरून टाइप करून आणलेला ठराव वाचल्याशिवाय स्वीकारू नये. ठरावाची शेवटची ओळ आणि पहिली सही यांमध्ये मोकळी जागा सोडू नये. उरलेल्या ओळींवर रेघ मारावी, प्रत्येक पानावर अध्यक्षांची सही घ्यावी, आणि हजेरीचे पान वेगळे न ठेवता त्याच नोंदवहीत, त्याच तारखेखाली घ्यावे. कोरोना काळातील हजेरीवर किंवा रेशनच्या यादीसाठी घेतलेल्या अंगठ्यांवर ठराव दाखवला गेल्याची शंका जेथे येते, तेथे नंतर सिद्ध करायला हाती काहीच राहत नाही.

गावात खाणीच्या बाजूचे लोकही असतात, विशेषतः हंगामी मजुरीला कंटाळलेले तरुण, आणि त्यांना फितूर ठरवू नये. पगार, ट्रकचा धंदा, पक्का रस्ता या गोष्टी त्यांना हव्या आहेत आणि ती इच्छा गैर नाही. ग्रामसभेपुढे दोन्ही बाजूंचा हिशेब मांडावा : तेंदूच्या हंगामात, मोहाच्या दिवसांत आणि बांबूतून एका घराला काय मिळते, ते किती पिढ्या मिळेल, आणि खाणीतल्या किती नोकऱ्या कोणत्या कामाच्या, कंत्राटदाराकडच्या की कंपनीच्या, आणि किती वर्षांच्या आहेत. मोह वेचणाऱ्या बाईचे उत्पन्न कोणत्याही प्रकल्प अहवालात पगार म्हणून धरले जात नाही, त्यामुळे ते गावालाच लिहून ठेवावे लागेल.

प्रश्न : आमच्या गावाशेजारच्या खाणीने शाळेला संगणक दिले, आरोग्य शिबिरे घेतली, मंदिराचा सभामंडप बांधला. हाच लोकसहभाग नव्हे काय? (एक शिक्षक, वणी तालुका, जिल्हा यवतमाळ)

ही मदत उपयोगाची आहे आणि ती घेण्यात कमीपणा नाही. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या कलम १३५ नुसार ठरावीक आकाराच्या कंपन्यांनी सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कामांवर खर्च करायची असतेच. परंतु सहभाग म्हणजे निर्णयात वाटा. शाळेला संगणक देणाऱ्या कंपनीने सुरुंगांची वेळ, ट्रकचा मार्ग, उपसलेल्या पाण्याचे प्रमाण या गोष्टी गावाशी बोलून ठरवल्या का, एवढे विचारून पाहावे. सभामंडपाच्या उद्घाटनात धुळीच्या तक्रारीचे पत्र बाजूला पडत असेल, तर गावाने दोन्ही गोष्टींची नोंद वेगवेगळी ठेवावी.

प्रश्न : जिल्हा खनिज प्रतिष्ठानचा निधी नेमका कोणासाठी असतो? आमच्या गावाला धूळ मिळते आणि निधीतून रस्ते दुसरीकडेच होतात. (ग्रामपंचायत सदस्या, जिल्हा चंद्रपूर)

२०१५ मध्ये खाण व खनिज कायद्यात दुरुस्ती होऊन कलम ९ब आले आणि खाणबाधित जिल्ह्यांत ही प्रतिष्ठाने स्थापन झाली. खाणधारकाने शासनाला स्वामित्वधन (रॉयल्टी) द्यायचेच असते. त्याशिवाय १२ जानेवारी २०१५ पूर्वीच्या पट्ट्यांसाठी स्वामित्वधनाच्या ३० टक्के आणि नंतर लिलावाने दिलेल्या पट्ट्यांसाठी १० टक्के इतकी जादा रक्कम प्रतिष्ठानकडे जमा होते. म्हणजे ही रक्कम शासनाची कृपा नाही आणि कंपनीचे दानही नाही. खाणीची झळ सोसणाऱ्यांच्या नावाने कायद्याने वेगळी काढलेली ती रक्कम आहे.

प्रधानमंत्री खनिज क्षेत्र कल्याण योजनेच्या मार्गदर्शक सूचनांत पिण्याचे पाणी, प्रदूषण नियंत्रण, आरोग्य, शिक्षण, महिला व बालकल्याण अशा कामांना अग्रक्रम आहे. त्यांच्यासाठी आधी किमान ६० टक्के निधी राखीव होता, २०२४ पासून तो किमान ७० टक्के करण्यात आला आहे, आणि खाणीपासून १५ किलोमीटरपर्यंतचा परिसर थेट बाधित मानला जातो. तेव्हा तुमच्या ग्रामपंचायतीने पहिली मागणी करावी ती बाधित गावांच्या यादीची. यादीत गाव नसेल, तर खाणपट्ट्याच्या सीमेपासूनचे अंतर दाखवणारा नकाशा जोडून समावेशासाठी अर्ज करावा. दुसरी मागणी वार्षिक अहवालाची. तो संकेतस्थळावर ठेवणे प्रतिष्ठानवर बंधनकारक आहे. अनुसूचित क्षेत्रातील गाव असेल, तर कामांच्या आराखड्याला आणि लाभार्थींच्या निवडीला ग्रामसभेची मान्यता लागते आणि वर्षअखेर झालेल्या कामांचा अहवाल ग्रामसभेपुढे ठेवावा लागतो.

या निधीतून मोठ्या इमारती आणि रस्ते होण्याकडे कल असतो, कारण त्यांचे अंदाजपत्रक तयार असते. श्वसनविकारांची तपासणी, फ्लोराइड किंवा लोह असलेल्या पाण्यासाठी शुद्धीकरण, विधवा व भूमिहीनांसाठी उपजीविका या कामांचे प्रस्ताव कोणी तयार करून देत नाही. तुम्ही सदस्या आहात, तर महिला सभेत अशा दोन कामांचा ठराव घेऊन, प्राथमिक आरोग्य केंद्रातील खोकला-दम्याच्या रुग्णांची वर्षवार संख्या जोडून तो पाठवावा. आकड्यासह आलेला प्रस्ताव बाजूला सारणे अवघड असते.

प्रश्न : मी पर्थमध्ये खाण अभियंता आहे. येथे आदिवासी समाजाशी करार केल्याशिवाय काम पुढे सरकत नाही असे सांगितले जाते, तरी जूकन गॉर्जसारखी घटना घडली. मग संमतीच्या कागदाला अर्थ काय? (एक वाचक, ऑस्ट्रेलिया)

मे २०२० मध्ये पश्चिम ऑस्ट्रेलियातील पिलबारा प्रदेशात लोहखनिजाची खाण वाढवताना रिओ टिंटो कंपनीने जूकन घळीतील दोन शैलाश्रय (खडकातील गुहा) सुरुंगाने उडवले. तेथे ४६,००० वर्षांपूर्वीपासूनच्या मानवी वावराच्या खुणा होत्या आणि पुटु कुंटी कुर्रामा व पिनिकुरा लोकांसाठी ते पवित्र स्थान होते. कंपनीकडे २०१३ ची कायदेशीर परवानगी होती. परंतु परवानगी मिळाल्यानंतरच्या उत्खननात त्या जागेचे महत्त्व कितीतरी पटीने वाढले, आणि मूळच्या लोकांना त्या परवानगीविरुद्ध दाद मागण्याची सोय १९७२ च्या वारसा कायद्यात नव्हती. पुढे कंपनीच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यासह तिघा वरिष्ठांना पद सोडावे लागले आणि ऑस्ट्रेलियाच्या संसदेने चौकशी केली. शैलाश्रय मात्र गेले ते गेलेच.

यातून आपल्याकडे घेण्यासारखी गोष्ट ही, की संमती एकदाच घेऊन कपाटात ठेवता येत नाही. नवी माहिती पुढे आली, खाणीचे क्षेत्र वाढले, उत्पादन दुप्पट झाले, की लोकांना पुन्हा विचारले पाहिजे. एटापल्ली तालुक्यातील सुरजागडच्या डोंगरावर माडिया समाजाचा ठाकूरदेव आहे आणि जानेवारीत तेथे यात्रा भरते. अशा स्थानांचा नकाशा त्या समाजाच्या जाणत्यांनी स्वतः करावा, तो खाण आराखड्याच्या प्रत्येक सुधारणेसोबत पुन्हा तपासला जावा, आणि तुमच्यासारख्या अभियंत्यांनी तो आराखड्याच्या पहिल्या पानावर आणावा.

प्रश्न : आमच्या भागात खाणी बंद होत्या, आता लिलाव होऊन पुन्हा सुरू होत आहेत. बंदीत ट्रकवाल्यांचे हाल झाले आणि खाणी चालू असताना आमच्या विहिरी आटल्या. आम्ही काय मागावे? (एक बागायतदार, डिचोली, गोवा)

तुमच्या प्रश्नात गोव्याची दोन्ही दुःखे आली आहेत. बेकायदा खाणकामाची चौकशी करणाऱ्या न्यायमूर्ती शहा आयोगाच्या अहवालानंतर २०१२ मध्ये खाणी थांबल्या. २१ एप्रिल २०१४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने जुने पट्टे २२ नोव्हेंबर २००७ रोजीच संपले होते असे ठरवले आणि उत्खननावर वर्षाला २ कोटी टनांची अंतरिम मर्यादा घातली. त्यानंतर नूतनीकरण केलेले ८८ पट्टे ७ फेब्रुवारी २०१८ रोजी रद्द झाले, मार्चपासून काम पुन्हा थांबले आणि डिसेंबर २०२२ पासून लिलाव सुरू झाले. या साऱ्या काळात कर्ज काढून ट्रक घेतलेली कुटुंबे आणि गाळाने भरलेली शेते एकाच गावात, कित्येकदा एकाच घरात होती. त्यांना एकमेकांविरुद्ध उभे करण्यात आले, याचे मला फार वाईट वाटते.

तुमच्या विहिरी आटल्या त्याचे कारण भूगर्भात आहे. गोव्यातील लोहखनिज जांभ्या दगडाच्या थराखाली असते, आणि खनिजाचा भुसभुशीत थर हाच पाणी धरून ठेवणारा थर असतो. खाणीचा खड्डा भूजलपातळीच्या खाली गेला, की तो कोरडा ठेवण्यासाठी रात्रंदिवस पंप चालवावे लागतात आणि भोवतीच्या विहिरी-झऱ्यांचे पाणी खड्ड्याकडे ओढले जाते. शिरगावचे झरे आणि विहिरी अशाच आटल्या आणि ते प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले. शिवाय एक टन खनिजामागे दोन-तीन टन टाकाऊ माती निघते, आणि पावसाळ्यात ढिगाऱ्यांवरून उतरणारा तांबडा गाळ भातशेतीत आणि कुळागरांत (सुपारी-नारळाच्या बागांत) बसून कडक होतो.

म्हणून नव्या मंजुऱ्यांच्या सुनावणीत खड्ड्याच्या खोलीची मर्यादा भूजलपातळीच्या संदर्भात मागावी, आणि उपसलेले पाणी मोजणाऱ्या मीटरची नोंद पंचायतीला दरमहा मिळावी, असा आग्रह धरावा. ढिगाऱ्याच्या पायथ्याशी भिंत आणि गाळ अडवणारी तळी ३१ मेपूर्वी साफ झाल्याची पाहणी गावकऱ्यांसमक्ष व्हावी. वाहतुकीबाबत सत्तरीतील सोनशीचा अनुभव ताजा आहे : २०१७ मध्ये धूळ आणि ट्रकांविरुद्ध रस्ता अडवणाऱ्या गावकऱ्यांना तुरुंगात जावे लागले आणि पुढे उच्च न्यायालयाने त्या प्रश्नाची दखल घेतली. गावातून जाणारा रस्ता वापरायचा असेल, तर ट्रकांची संख्या आणि वेळा सुरुवातीलाच ठरवून मंजुरीच्या अटींत याव्यात.

आणखी एक मागणी पुढच्या पिढीच्या वतीने करायची आहे. २०१४ च्या त्याच निकालात विक्री झालेल्या खनिजाच्या किमतीच्या १० टक्के रक्कम कायमस्वरूपी निधीत जमा करावी असा आदेश आहे. जमिनीखालचे खनिज ही पूर्वापार चालत आलेली ठेव आहे; ती विकून आलेले पैसे एकाच पिढीने खर्चून टाकू नयेत, मुद्दल जपून तिच्या उत्पन्नावर पुढच्यांनाही हक्क राहावा, असा त्यामागचा विचार आहे. देशातील इतर खाणराज्यांनी तो उचलायला हवा. निधीत किती जमा झाले आणि ते कोठे गुंतवले, हा प्रश्न प्रत्येक आमदाराला विचारण्याचा अधिकार तुम्हाला आहे.

प्रश्न : वडिलांची जमीन कोळसा खाणीत गेली आणि त्याबदल्यात भावाला नोकरी मिळाली. आता काही वर्षांत कोळसा संपेल असे बोलले जाते. त्यानंतर जमीन परत मिळेल का, आणि त्या खड्ड्याचे काय? (भद्रावती तालुका, जिल्हा चंद्रपूर)

जमीन १९५७ च्या कोळसा क्षेत्र संपादन कायद्याखाली गेली असेल, तर तिची मालकी शासनाकडे आणि पुढे कंपनीकडे जाते. मूळ मालकाला ती परत मिळण्याचा हक्क त्या कायद्यात नाही. दोन एकरांमागे एक नोकरी, हा कोल इंडियाचा परिचित हिशेब त्या पिढीपुरता चालला, पण पुढच्या भावंडांसाठी त्यात काही नव्हते. त्यामुळे तुमच्या गावाने आज जमीन परत मागण्यापेक्षा, खाण बंद करण्याच्या आराखड्यात आपल्या गरजा लिहून घेण्यावर भर द्यावा, असे मी सुचवीन.

२००९ पासून प्रत्येक कोळसा खाणीसाठी खाणबंदीचा आराखडा आणि त्याच्या खर्चासाठी वेगळे एस्क्रो खाते, म्हणजे त्याच कामासाठी रक्कम राखून ठेवणारे खाते, बंधनकारक आहे. तो आराखडा खाणीच्या कार्यालयातून किंवा माहितीच्या अधिकारात मागवावा. त्यात मातीचे ढिगारे किती उंचीचे राहणार, किती खड्डा भरला जाणार, उरलेल्या खड्ड्यात किती पाणी साठणार आणि कुंपण कोणी राखायचे, हे लिहिलेले असते. नागपूर जिल्ह्यात गोंडेगाव येथे वेस्टर्न कोलफील्ड्सने ढिगाऱ्यातून वाळू वेगळी काढली, काही खाणींचे पाणी शेतीला आणि पिण्यासाठी दिले. तेव्हा ढिगाऱ्यांचा आणि पाण्याचा असा वापर अशक्य आहे, असे सांगणाऱ्याला ही उदाहरणे दाखवता येतात. दुसरीकडे, सिंधुदुर्गातील कळणे येथे जुलै २०२१ मध्ये खाणीचा बांध फुटून चिखल आणि पाणी घरांत व बागायतींत घुसले. साठलेल्या पाण्याचा बांध कोणाच्या जबाबदारीवर आहे, हे लिहून घेणे किती आवश्यक आहे, ते कळण्याच्या लोकांना विचारावे. इरई नदीकाठच्या ढिगाऱ्यांमुळे पूर वाढतो, ही चंद्रपूरकरांची तक्रारही जुनी आहे, म्हणून नदी-नाल्यापासून ढिगाऱ्याचे अंतर आराखड्यात तपासावे.

गुराख्यांचा प्रश्न सहसा सुटून जातो. सर्वोच्च न्यायालयाने ८ जानेवारी २०२० रोजी असा आदेश दिला, की खाणकाम संपल्यावर त्या जमिनीवर पुन्हा गवत उगवेल आणि गुरांना चारा मिळेल अशी ती करून देण्याची अट पट्ट्यात, खाण आराखड्यात आणि पर्यावरणीय मंजुरीत घालावी. निलगिरी किंवा सुबाभळीची रांग लावून हिरवळ दाखवली, म्हणजे ही अट पूर्ण होत नाही. तुमच्या ग्रामसभेच्या ठरावात चराईसाठी किती एकर, कोणत्या बाजूला आणि कोणते गवत, हे नेमके लिहावे. पवन्या, मारवेल ही गवते गावातल्या जुन्या गुराख्यांना ठाऊक असतात. त्यांना सभेला मुद्दाम बोलवावे. आराखड्याच्या अंमलबजावणीची दर पाच वर्षांनी तपासणी होते आणि त्यानंतरच खात्यातील रक्कम टप्प्याने कंपनीला परत मिळते. ही तपासणी कधी आहे ते आधी विचारून घ्यावे, ठरावाची एक प्रत कोळसा नियंत्रकांकडे आणि एक जिल्हाधिकाऱ्यांकडे त्यापूर्वीच पाठवावी, आणि दोन्ही पोच पावत्या ग्रामपंचायतीच्या दप्तरात लावाव्यात.